रंगाचा तिसरा हात

आमच्या घराला वरचा मजला आहे
हे आम्हाला चवथीच्या आधी आठवायचं,
माटोळीचा सांगाडा उतरवताना.
एरवी तिथे माझी सोलं वाळायची,
विसरलेले नारळ कोंब काढायचे,
आणि ट्रकचे दोन टायर भिंतीला टेकून
चहाची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखे
बारा वर्षं.

मजला चढला तेव्हा पाळीच्या रस्त्यावर
ट्रकमागे ट्रक लागायचा.
दिवसाच्या ट्रिपा रोहिदास आधी बोटांवर मोजायचा,
मग वहीत,
मग स्लॅबच्या चौरस मीटरात.
"वरच्या दोन खोल्या सुदनला," म्हणाला होता.
"उद्या लग्न होईल, वेगळी चूल लागेल,
भांडण नको."
खाण बंद पडली त्या आठवड्यात
जिना पुरा झाला होता. कठडा नव्हता.
सुदन बोटीवर गेला,
बायको केली मडगावची, फ्लॅट घेतला मडगावात,
भांडायला कुणी उरलंच नाही.

यंदा एप्रिलात दिक्षिता म्हणाली,
"आई, वर प्रोजेक्टर लावूया. कॅरम, टेबल टेनिस,
सगळ्यांनी बसायला गाद्या."
वर, हा शब्द तिने असा उच्चारला
जणू तिथे जायला बस लागते.
मी म्हटलं, "आणि सोलं?"
ती मोबाइलवर भिंतीची लांबी मोजत होती.

झिलू मेस्त आला, कानाला पेन्सिल.
त्याने दोन खोल्यांमधली भिंत ठोठावली,
डॉक्टर पोट ठोठावतो तशी.
"ही काढली तर हॉल. नाही तर दोन कोंबड्यांची खुराडी."
रोहिदास काही बोलला नाही.
संध्याकाळी गच्चीच्या कोपऱ्यात उभा राहून
त्याने भावाला फोन लावला,
कुठल्या समुद्रात होता कोण जाणे,
आवाज येत होता, जात होता.
"ती भिंत… तुझी… फोडू?"
मग इतका वेळ शांतता
की मला वाटलं फोन कटला.
मग सुदन म्हणाला,
"कॅरम कुठे ठेवणार? खिडकीजवळ नको.
उजेड डोळ्यांवर येतो."

दुसऱ्या दिवशी घण झिलूच्या हातून
रोहिदासने स्वतः घेतला.
चार घाव मारले आणि परत दिला,
पाठ धरून.

टायर विकायला तयार नाही झाला.
झिलूने त्यांना काथ्याची दोरी गुंडाळली,
वर फळी, त्यावर उशी.
आता त्यांवर मुलं बसतात. पाहुणे अखेर घरचे झाले.

पण पडद्याची भिंत!
पेंटरने पहिला हात दिला, सकाळी भिंत गुलाबी.
दुसरा दिला, फिकी गुलाबी.
"धूळ प्यालीय ही," तो म्हणाला,
"इतकी वर्षं खिडक्या उघड्या."
तिसऱ्या हातानंतर
पांढरी दिसली, म्हणजे दिवसा दिसली.

पहिल्या रात्री फुटबॉल लावला.
शेजारचे, शेजारच्यांचे पाहुणे,
कधी न बोलणारा ट्रकचा जुना क्लीनरही
दाराशी येऊन उभा राहिला.
पांढऱ्या जर्सीचा संघ मैदानात उतरला
आणि सगळेच जरा तांबूस,
जणू दुपारची शिफ्ट संपवून
परस्पर खेळायला आलेत.
कुणीतरी हसलं, मग सगळेच.
"आमचेच रे हे," रोहिदास म्हणाला,
आणि जे हरत होते
त्यांच्या बाजूने रात्री बारापर्यंत ओरडला.
दिक्षिताला चौथा हात हवाय.
तो म्हणतो, बघू.

कॅरम अजून प्लॅस्टिकमध्ये आहे.
सुदन डिसेंबरात येईल, तेव्हा उघडायचा
असं कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी उघडत नाही.
खिडकीजवळची जागा त्यामुळे रिकामी.
दुपारी, पोरं शाळेत असतात तेव्हा,
मी तिथे चादर पसरते.
रात्री सिनेमा बघताना कुणीतरी नाक उडवतं,
"इथे आंबट वास कसला?"
मी पुढे बघत राहते.